टोचणी एका रोगाची, परिणाम अनेकांवर

लस ज्या रोगासाठी टोचली जाते, त्या रोगाचा जंतू ओळखणाऱ्या पेशी शरीरात तयार होतात. त्याच टोचणीने त्या रोगाशी काडीचाही संबंध नसलेल्या पेशीसुद्धा बदलतात, ही गोष्ट मात्र गेल्या पंचवीसेक वर्षांतच प्रयोगांनी नीट दाखवली गेली. तिची चिन्हे त्याआधी शंभर वर्षे दिसत होती आणि त्यांतली काही ठळक चिन्हे मुंबईतच दिसली होती. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात किंवा टागोर नगरात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या हातावर सहसा दोन वण सापडतात. मोठा, खोलगट, कडेला रेघा असलेला वण देवीच्या लशीचा. डाव्या दंडावरचा लहान गोल वण बीसीजीचा. पहिला ज्या रोगासाठी उमटला तो रोग जगातून गेला. दुसरा ज्या क्षयासाठी उमटला तो विक्रोळीच्या दवाखान्यांत आजही रोज भेटतो. या दोन वणांच्या मधल्या काळात लशीविषयीची समज बरीच पालटली.

लशीच्या या जादा परिणामांचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ करून पुष्कळ गोंधळ झालेला आहे. दोन जंतू एकमेकांच्या नात्यातले असले की एकासाठी घडलेल्या पेशी दुसऱ्यालाही ओळखतात. हा पहिला प्रकार. दुसऱ्यात मोनोसाइट, महाभक्षक आणि नैसर्गिक मारक पेशी येतात. या जन्मजात पेशींना नेमका जंतू ओळखता येत नाही, पण एकदा लशीचा धक्का बसला की पुढच्या कोणत्याही जंतूला त्या जास्त जोराने उत्तर देतात. याला प्रशिक्षित प्रतिकारशक्ती म्हणतात. हे नाव नेदरलँड्समधील मिहाई नेतेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दिले. तिसऱ्या प्रकारात पूर्वी कधीतरी दुसऱ्याच जंतूसाठी घडलेल्या स्मृतिपेशी नव्या लशीच्या गडबडीत जाग्या होतात. चाळीत एका बिऱ्हाडात चोर शिरला की शेजारपाजारचेही काठ्या घेऊन बाहेर येतात, तसे हे आहे.

मुंबईतील लसीकरणाची सुरुवात पहिल्या प्रकारानेच झाली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला मुंबईत देवीची लस टोचण्यात आली. भारतात लस यशस्वी झालेली ती पहिली व्यक्ती. लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत ठेवत आणली होती. ॲनाच्या फोडातल्या द्रवाने पुढची मुले टोचली गेली आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासकडे गेली. ही लस मुळात गायीच्या देवीची. जनावराच्या विषाणूने माणसाच्या विषाणूपासून संरक्षण मिळते, म्हणजे एका रोगाची लस दुसऱ्या रोगावर चालते, हे इंग्लिश डॉक्टर जेन्नरच्या या लशीचे मूळ सूत्रच आहे. दोन्ही विषाणू एका कुळातले असल्यामुळे त्यात गूढ काही नाही.

दंडावरून दंडावर लस नेण्यात इतर रोग पसरण्याचा धोका होता आणि जातीपातीचा विटाळही लोकांना वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत मुंबईत रुजवण्यासाठी अनंत चंद्रोबा दुखले या मराठी डॉक्टरांनी खटपट केली. १८७७ च्या कायद्याने मुंबई शहरात मुलांना देवी काढणे सक्तीचे झाले. विक्रोळी तेव्हा शहरात नव्हती. साष्टीतले, ठाणे जिल्ह्यातले, खाडीकाठचे ते एक गाव. शहराचा कायदा तिथे लागू नव्हता. जिल्ह्यांसाठीचा लसीकरण कायदा १८९२ मध्ये आला. गावोगाव फिरणाऱ्या टोचणाऱ्याला लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. पुढे बेळगावच्या लस संस्थेतून इलाख्याला वासरावरची लस पुरवली जाई.

खरे कुतूहल वाटावे असा अध्याय प्लेगचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना मुंबईला बोलावले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये जागा दिली. तिथे त्यांनी जी लस बनवली तिची कृती वाचण्यासारखी आहे. प्लेगचे जंतू वाढवायला मांसाचा रस लागे. गोमांस हिंदूंना आणि डुकराचे मांस मुसलमानांना चालणार नाही म्हणून बकऱ्याचे मांस आम्लात विरघळवून तो रस काढला जाई. काचेच्या चंबूतल्या रसावर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना खालून जंतूंचे धागे लोंबू लागत, गुहेच्या छताला चुन्याचे सुळके लोंबतात तसे दिसत. चंबू हलवला की ते तुटून तळाशी जात आणि नवे धरत. सुमारे सहा आठवड्यांनी सगळे मिश्रण तापवून जंतू मारत आणि त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटिमीटर टोचून घेतले. पुढे लोकांना दिलेला डोस याच्या सुमारे चौथाई होता. त्यांना ताप आला आणि टोचलेल्या जागी ठणका लागला, तरी कामात खंड पडला नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस प्लेग भायखळ्याच्या तुरुंगात शिरला. जवळजवळ निम्म्या कैद्यांनी राजीखुशीने टोचून घेतले. टोचलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला आणि कोणी दगावले नाही. न टोचलेल्या १७२ जणांपैकी १२ आजारी पडले, ६ मेले. आकडे लहान आहेत आणि आजच्या कसोट्या लावल्या तर कच्चेही. पण हाफकिन यांचा त्याहून धाडसी दावा वेगळाच होता. संरक्षण एका दिवसाच्या आसपास सुरू होते, इतकेच नव्हे तर रोग शरीरात शिरलेल्या माणसालाही टोचणी उपयोगी पडते, असे ते म्हणत. याला त्या काळी मोठा विरोध झाला. टोचल्यावर काही दिवस माणूस उलट जास्त नाजूक होतो, असे इंग्लंडमधल्या आल्मरॉथ राइट यांच्यासारख्यांचे मत होते आणि सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगानेही हा प्रश्न तपासला.

आज या वादाकडे पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. पहिल्यांदाच टोचलेल्या माणसात प्लेगच्या जंतूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार व्हायला आठवडाभर तरी लागतो. हाफकिन यांचा एका दिवसाचा दावा खरा असेल, तर तो प्रतिद्रव्यांनी समजावता येत नाही. मेलेल्या जंतूंनी भरलेला तो रस, त्यातली विषे आणि जंतूंचे तुकडे जन्मजात पेशींना काही तासांत खडबडून जागे करू शकतात. टोचल्यावर येणारा ताप त्याचीच खूण. दावा आकड्यांच्या कच्चेपणामुळे फुगला असेल, हीही शक्यता तितकीच मोठी आहे. तुरुंगातल्या त्या नोंदींवरून निर्णय देता येत नाही, पण प्रश्न मात्र त्यांनी फार लवकर उभा केला होता. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले.

विसाव्या शतकात हा विषय बीसीजीच्या आधाराने पुढे सरकला. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ यांनी गुरांच्या क्षयाचा जंतू तेरा वर्षे बटाटा आणि पित्ताच्या खाद्यावर वाढवत नेऊन निस्तेज केला आणि १९२१ मध्ये तो प्रथम माणसाला दिला. उत्तर स्वीडनमध्ये कार्ल नेसलुंड या डॉक्टरांना १९३० च्या सुमारास आढळले की बीसीजी दिलेली तान्ही मुले न दिलेल्यांपेक्षा फार कमी मरतात. हा फरक क्षयाने समजावता येण्याइतका लहान नव्हता, कारण त्या वयात क्षयाने मरणारी मुले मोजकीच. नेसलुंड यांनी तर्क केला की ही लस इतर रोगांविरुद्धही काहीतरी करत असावी. मुले निवडण्यातच फरक असू शकतो, असा आक्षेप आला आणि तो रास्त होता. मग विषय पन्नास वर्षे बाजूला पडला.

भारतात बीसीजी १९४८ मध्ये मदनपल्लीत सुरू झाली आणि पुढे देशभर मोहिमा निघाल्या. याच काळात विक्रोळीचे रूप पालटत होते. गोदरेज कंपनीने १९४३ मध्ये घेतलेल्या जमिनीवर कारखाने आणि कामगारांची वसाहत उभी राहिली, १९५० मध्ये हा भाग बृहन्मुंबईत आला, पुढे गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींनी कन्नमवार नगर आणि टागोर नगर भरले. १९५८ मध्ये गोदरेजचा पहिला फ्रिज बाजारात आला. जिवंत बीसीजी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, नाहीतर कुपीतले जंतू मरतात. लशीचा प्रसार आणि फ्रिजचा प्रसार म्हणूनच हातात हात घालून झाला. याच कंपनीने अलीकडे लशींसाठीची खास शीतकपाटेही बनवली आहेत.

बीसीजीवरचा मोठा वाद तामिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या चाचणीने पेटला. १९६८ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत सुमारे अडीच लाख लोक होते आणि प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजीने संरक्षण दिले नाही, असा निष्कर्ष निघाला. कारणांचा शोध घेताना एक तर्क पुढे आला: माती-पाण्यातल्या निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांनी लोकांच्या पेशी आधीच घडवलेल्या होत्या, त्यामुळे लशीला नवे करण्यासारखे थोडेच उरले. म्हणजे जादा परिणामांची गंमत अशी की ते लशीकडून इतर रोगांकडे जातात, तसे इतर जंतूंकडून लशीकडेही येतात. मुंबईच्या दमट हवेत आणि पाण्यात वाढणाऱ्या मुलालाही हे लागू पडू शकते.

नात्यातल्या जंतूंचा सर्वांत धीट मराठी प्रयोग परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. बापट, कमल रणदिवे आणि वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून एक जंतू वाढवला. त्याला केंद्राच्या इंग्रजी नावावरून आयसीआरसी जंतू म्हणतात. तो कुष्ठाचा खरा जंतू नव्हे, तर नात्यातला एक मायकोबॅक्टेरियम ठरला. कुष्ठाचा खरा जंतू कुपीत आजही वाढत नाही, म्हणूनच नातेवाइकाला पुढे करणे भाग होते. डॉ. माधव देव यांनी हा जंतू किरणांनी मारून १९७९ च्या सुमारास लस बनवली. दक्षिण भारतात १ लाख ७१ हजारांवर लोकांमध्ये चार लशींची तुलना झाली आणि १९९८ मध्ये निकाल लागला. आयसीआरसी लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिले, तर नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के. क्षयासाठीची बीसीजी कुष्ठापासून तिसऱ्या हिश्श्याने वाचवते, ही गोष्टही लहान नाही. इतके होऊनही परळची लस राष्ट्रीय कार्यक्रमात शिरली नाही. बहुविध औषधोपचारांमुळे कुष्ठरोगी झपाट्याने कमी झाले होते आणि लशीची निकड राहिली नव्हती. तरी नात्यातल्या जंतूने कुष्ठ रोखता येतो, हे या कामाने दाखवले. त्याची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते.

परक्या रोगांचा पुरावा आफ्रिकेतून आला. डॅनिश मानववंशशास्त्रज्ञ पीटर आबी १९७८ पासून गिनी-बिसाऊत मुलांच्या जन्ममृत्यूची नोंद ठेवत होते. गोवराची लस दिल्यावर मृत्यू जितके कमी झाले तितके केवळ गोवराने होतच नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले. कमी वजनाच्या बाळांना बीसीजी उशिरा देण्याची तिथे रीत होती. आबींच्या गटाने चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना जन्मतःच दिली. तीन चाचण्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले. ज्या मुलांच्या दंडावर वण उमटला ती जास्त जगतात, हेही तिथेच आढळले. वण उमटायला लस त्वचेच्या आतच जावी लागते. बारीक सुईने टोचल्यावर दंडावर सुमारे पाच मिलिमीटरचा पांढरा फुगा दिसला पाहिजे. सुई खोल गेली तर फुगा येत नाही, काही आठवड्यांनी यायची पुळीही येत नाही आणि वणही नाही. शिकाऊ परिचारिकेला प्रथम शिकवतात ते हेच.

पेशींमध्ये काय घडते, हे २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये निरोगी स्वयंसेवकांना बीसीजी देऊन पाहिले गेले. त्यांच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशींना तीन महिन्यांनी कॅन्डिडा बुरशी किंवा पूयजनक स्टॅफिलोकोकस दाखवला, तर त्या पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संकेतद्रव्ये सोडत. पेशीतल्या जनुकांचा मजकूर बदललेला नव्हता. तो ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर रासायनिक खुणा बसल्या होत्या आणि त्या खुणांमुळे ठरावीक जनुके वाचायला सोपी झाली होती. मोनोसाइट स्वतः काही दिवसच जगतो, मग परिणाम महिनोन्महिने कसा टिकतो? उंदरांवरच्या २०१८ मधल्या कामाने उत्तर दिले: बीसीजी अस्थिमज्जेत पोचते आणि तिथल्या मूळपेशींनाच वळण लावते, त्यामुळे नव्याने जन्मणाऱ्या पेशी त्या वळणाच्याच निघतात.

तिसऱ्या प्रकाराचा पुरावा धनुर्वाताच्या टोचणीतून मिळाला आणि तो विक्रोळीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना जवळचा वाटेल. पत्र्याने बोट कापले, गंजका खिळा रुतला की आधी टीटी, मग पट्टी. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या संशोधकांनी २००६ मध्ये धनुर्वाताचा बूस्टर घेतलेल्यांचे रक्त तपासले. धनुर्वाताच्या स्मृतिपेशी वाढल्या हे अपेक्षित होते, पण क्षयाच्या जंतूचे सत्त्व आणि कॅन्डिडा बुरशी ओळखणाऱ्या पेशीही वाढल्या. प्रतिद्रव्ये मात्र फक्त धनुर्वाताविरुद्धचीच वाढली. म्हणजे गडबड ऐकून शेजारच्या टी पेशी उठल्या, प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या बी पेशींनी मात्र आपले काम सोडले नाही. भारतात हा शोध जास्त अर्थपूर्ण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा सुप्त संसर्ग आढळला. या सगळ्यांच्या रक्तात अशा पेशी आहेत. टीटीमुळे क्षयाला काही अटकाव होतो, असा अर्थ मात्र यातून काढता येत नाही.

भारतात परक्या रोगांवरचा परिणाम तपासला तेव्हा निकाल संमिश्र आले. चेन्नई आणि पुदुच्चेरीत दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या पाच हजारांहून अधिक बाळांना जन्मतः बीसीजी देऊन पाहिले. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. इथे रशियन वाणाची बीसीजी वापरली होती, गिनी-बिसाऊत डॅनिश. वाणांत जनुकीय फरक आहेत आणि ते महत्त्वाचे असावेत. बाळे कोणत्या रोगाने मरतात, हेही दोन्हीकडे सारखे नाही. आफ्रिकेतला आकडा उचलून मुंबईच्या बाळंतपणाच्या वॉर्डात लावणे म्हणूनच धोक्याचे.

कोविडने हा प्रश्न घाईघाईने पुन्हा उभा केला. २०२० मध्ये ज्या देशांत बीसीजी देतात तिथे कोविडचे मृत्यू कमी, असे तक्ते समाजमाध्यमांवर फिरू लागले. देशादेशांच्या अशा तुलनेत वय, तपासण्यांची संख्या, प्रवास असे कितीतरी फरक मिसळलेले असतात. हाफकिन संस्थेने पुण्याच्या डॉक्टरांसह ६० मध्यम आजारी रुग्णांवर बीसीजीचा प्रयोग केला आणि बीसीजी घेतलेल्यांत सुधारणा लवकर दिसल्याचे सांगितले. साठ जणांवरून याहून पुढे जाता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईचाही समावेश असलेल्या काही शहरांत वृद्धांना बीसीजी देऊन पाहिली. चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने ६० ते ८० वयाच्या व्यक्तींचे रक्त महिन्याभराने तपासले, तेव्हा स्मृतिपेशी वाढलेल्या आणि दाह दर्शवणारी द्रव्ये उलट कमी झालेली आढळली. बीसीजीने जन्मजात पेशी नुसत्या तापट होतात असे नाही, वृद्धांमध्ये त्या काहीशा निवळतातही. आतापर्यंतच्या भारतीय निष्कर्षांत हा सर्वांत विचार करण्याजोगा आहे. ग्रीसमधल्या १९८ वृद्धांच्या चाचणीत नव्या संसर्गांचे प्रमाण बीसीजी न दिलेल्यांत ४२.३, तर दिलेल्यांत २५ टक्के दिसले. मात्र अनेक देशांतल्या आरोग्यसेवकांवरच्या, सुमारे चार हजारांच्या मोठ्या चाचणीत २०२३ मध्ये कळले की कोविडवर बीसीजी उपयोगी पडली नाही.

२०२४ मध्ये मुंबई महापालिकेने प्रौढांसाठी बीसीजी मोहीम हाती घेतली. साठीवरील, मधुमेही, धूम्रपान करणारे, कमी वजनाचे, क्षयरुग्णाच्या घरातले आणि पूर्वी क्षय झालेले यांना ती देण्यात आली, आणि हेतू क्षयाचाच होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये सगळा पुरावा पाहिला, बीसीजी आणि गोवर लशींचे एकूण मृत्यूंवर चांगले परिणाम दिसतात हे मान्य केले आणि वेळापत्रक बदलण्याचे कारण मात्र दिसत नाही असे ठरवले. भारतीय वेळापत्रकात बीसीजी जन्मतः किंवा त्यानंतर लवकरात लवकर, पहिल्या वर्षाच्या आत दिली जाते; क्षयाखेरीज दुसऱ्या आजारापासून बचाव म्हणून ती टोचून घेण्याची शिफारस या वेळापत्रकात नाही.